तेजीतल्या कॅसेट : एका घरगुती माहितीपटाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

बाबांचा मनाचा आजार आणि आमचं घर यावर फिल्म करतेय. त्यासाठी बाबांनी घरात चित्रित केलेल्या कॅसेट कॅप्चर करायला, म्हणजे संगणकावर उतरवायला घेतल्या. हॅन्डीकॅमच्या छोट्या कॅसेट : बहुतेक हाय-एट प्रकारच्या, थोड्या त्याआधीच्या साध्या व्हिडिओ-एट. बाबांच्या मूळ हॅन्डीकॅममध्ये कॅसेट आत जाते पण फिरत नाही, म्हणून एक वापरलेला डिजिटल-एट कॅमेरा मिळवलाय. हा प्रकार १९९९ मध्ये बाजारात आला. त्यातले बरेच कॅमेरे जुन्या हाय-एट कॅसेटही वाचतात आणि सिग्नल आतल्या आत डिजिटल करून फायरवायर नावाच्या केबलमधून बाहेर देतात. कॅमेरा लगेच मिळाला, फायरवायरची खाच असलेला चालू लॅपटॉप मिळता मिळेना. तासाला साधारण १३ जीबी जागा खातं. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. ज्यांच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढुरके ठिपके दिसतात त्या कॅसेट बाजूला काढल्या. ती बुरशी. तशीच चालवली तर हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर पसरते.

कॅप्चर चालू असताना समोर बसून लॉग भरते. तारीख, कोण दिसतंय, काय बोलणं चाललंय, आवाज कसा आहे. एक रकाना 'कॅमेरा कोणाकडे' असा केलाय. आज दिवसभर त्या रकान्यात 'बाबा'खेरीज काही लिहावं लागलं नाही.

१४ जानेवारी

आजची कॅसेट १९९४ च्या शेवटची. कॅमेरा नुकताच घेतला होता तेव्हाची. बाबा घरातली एकेक वस्तू दाखवत फिरतायत आणि मागून बोलतायत. "ही खिडकी. पूर्वेची. हा पडदा. हा पडदा कोणी शिवला? नोंद झाली पाहिजे. सगळ्याची नोंद झाली पाहिजे." वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू होतं, दुसऱ्यात तिसरं घुसतं. झूम आत, झूम बाहेर, परत आत. मध्येच भिंतीवरचं घड्याळ चौकटीत येतं : तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर अंधार आहे, म्हणजे पहाटेचे. आम्ही दोघी बहिणी अंथरुणातून उठून त्यांच्या मागे मागे फिरतोय, आनंदाने. बाबा पहाटे खेळतायत, ह्यापरतं सुख काय!

मग दारातून आई येते. कपाळावर आठ्या, केस विस्कटलेले. "बंद करा हो ते," म्हणते आणि भिंगावर हात ठेवते. पडद्यावर तिच्या तळव्याचा लालसर अंधार. मागे बाबांचं हसणं. आमचंही.

ही कॅसेट फिल्ममध्ये असणार हे पाहताक्षणीच ठरलं. कशी असणार ते ठरलेलं नाही.

२७ जानेवारी

त्या काळातल्या कॅमेऱ्यांत तारीख चित्रावरच छापता येई आणि बाबांनी ती कधी बंद केली नाही. आज सगळ्या तारखा एका तक्त्यात मांडल्या. शेजारी बाबांच्या फायलीतल्या तारखा : औषधाच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, दाखल केल्याचे नि सोडल्याचे कागद. फायलीच्या पहिल्या पानांवर निदान म्हणून 'एमडीपी' (मॅनिक-डिप्रेसिव्ह सायकोसिस) लिहिलंय, नंतरच्या डॉक्टरांनी 'बायपोलर'. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ ह्या निदानाच्या पुस्तिकेने मॅनिक-डिप्रेसिव्ह सोडून बायपोलर घेतलं, तरी जुनी अक्षरं कागदांवर बरीच वर्षं टिकून होती. घरात आम्ही दोन्ही म्हणायचो नाही. आमच्याकडे तेजी आणि मंदी : तेजी म्हणजे उन्माद, मंदी म्हणजे नैराश्य.

तक्ता भरल्यावर जे दिसलं ते ताईला कधीपासून ठाऊक होतं. फोनवर म्हणाली, "कॅसेट सापडली की गोळ्या बंद होत्या असं समज." खरंच तसं आहे. दोन-तीन आठवड्यांत कॅसेटमागून कॅसेट, मग सात-आठ महिने काही नाही. परत झुंबड, परत काही नाही. मधल्या रिकाम्या जागा म्हणजे मंदी, किंवा मग औषधावरचे सरळ दिवस. सरळ दिवसांतल्या कॅसेट आहेत, पण मोजक्या.

म्हणजे माझ्यापाशी जे संग्रहित चित्रण आहे ते घराचं नाही, आजाराच्या एका टोकाचं आहे. बायपोलर असलेल्या पुष्कळ लोकांचा उन्मादापेक्षा नैराश्यात कितीतरी जास्त काळ जातो. आमच्या कॅसेटवर नैराश्याचं मिनिटही नाही. नैराश्यात असलेला माणूस कॅमेरा उचलत नाही, आणि घरात दुसऱ्या कोणी तो उचलायची पद्धत नव्हती.

३ फेब्रुवारी

रक्ताच्या अहवालांचा आणखी एक उपयोग. बाबांच्या गोळ्या लिथियमच्या, तेजी-मंदी आटोक्यात ठेवणाऱ्या. लिथियम चालू असलेल्या माणसाला रक्तातली पातळी सतत तपासावी लागते, कारण उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या वर गेलं की धोका. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तरी पातळी चढते. शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी. त्यामुळे फायलीत दर काही महिन्यांनी एक चिठ्ठी आहेच, आणि त्या चिठ्ठ्यांनी माझी कालरेषा बांधली जाते. जिथे चिठ्ठ्या थांबतात तिथून थोड्याच दिवसांत कॅसेट सुरू होतात. १९९९ मध्ये तर हे इतकं स्पष्ट आहे की ग्राफिक करायची गरज नाही, नुसते कागद आणि कॅसेट एका टेबलावर ओळीने मांडून वरून चित्रित केलं तरी पुरे.

सरळ दिवसांतल्या त्या मोजक्या कॅसेटमध्ये चौकट बारीक थरथरते. लिथियमने हातांना कंप येतो. संकलक मैत्रिणीने सॉफ्टवेअरने स्थिर करून दाखवलं, छान दिसत होतं. मूळचंच ठेवायचं ठरवलं. गोळ्या पोटात असल्याची तेवढी एकच खूण ह्या सगळ्या चित्रणात आहे. शिवाय ह्या कॅसेटमध्ये झूम जवळजवळ नाही. शॉट लांब आहेत. एका ठिकाणी ताई अभ्यास करत बसलीय आणि बाबा चांगली चार मिनिटं गप्प राहून तिच्याकडे बघतायत. माझ्या मते ते उत्तम कॅमेरामन होते ते ह्याच दिवसांत. त्यांना ते पटत नाही.

१८ फेब्रुवारी

बाबांची पहिली मुलाखत. सकाळी घेतली, दुपारच्या झोपेनंतर ते मंदावतात. मी प्रश्न लिहून आणले होते आणि त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ते निकामी केले. लिथियमबद्दल विचारलं तर जॉन केडची गोष्ट सांगू लागले. ऑस्ट्रेलियातला मानसोपचारतज्ज्ञ, युद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेला. त्याने आधी गिनीपिगवर लिथियम टोचून पाहिलं, रुग्णांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिलं, आणि १९४९ मध्ये निबंध छापला. "दगडात सापडणारं मीठ आहे ते. कोणी शोधून काढलेलं रसायन नाही. मी मीठ खातो रोज, बाकी काही नाही." हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. कॅमेऱ्यासमोरही अगदी त्याच चढउतारांनी सांगितलं.

मग विचारलं, "बाबा, मग मध्ये मध्ये सोडायचात का?"

जरा थांबून म्हणाले, "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? कळत होतं. पण गोळी चालू असली की सगळं ठीकठाक असतं. नुसतं ठीकठाक. खिडकी म्हणजे खिडकी."

हे वाक्य आलं तेव्हा खोलीतला पंखा चालू होता आणि कॉलरला लावलेल्या लेपल माइकवर त्याची घरघर आहे. पुन्हा विचारणार नाही. दुसऱ्यांदा ते त्यांच्या गोष्टींपैकी एक होऊन बसेल. घरघर आवाजाच्या मिक्समध्ये बघू.

२ मार्च

आईला १४ जानेवारीची ती कॅसेट दाखवली. तिने ती आजवर पाहिलेली नव्हती. शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "हे हसतायत. तुम्ही दोघी हसताय. मी येऊन बंद करा म्हणतेय. बघणाऱ्याला वाईट कोण दिसणार? मीच ना?"

मी म्हटलं, तसं कोणी समजणार नाही.

"का नाही समजणार? तू समजत होतीस की."

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ह्या घरातल्या प्रत्येक कॅसेटमध्ये आई एकतर पाठमोरी आहे, नाहीतर दारात उभी राहून काहीतरी थांबवतेय. कॅमेरा ज्याच्या हातात त्याच्या बाजूनेच सगळं दिसतं, आणि आमच्याकडे तो कायम तेजीतल्या माणसाच्या हातात होता. त्या बाजूने पाहिलं तर बाबा मजेचे नि आई कटकटी. मी लहानपणी नेमकी तीच फिल्म बघत मोठी झाले. तीच पुन्हा, चांगल्या कलर करेक्शनसह, बनवायची असेल तर एवढा खटाटोप कशाला?

आईने कॅमेऱ्यासमोर बसायला नकार दिला. आवाज मात्र रेकॉर्ड करू देईन म्हणाली.

३ मार्च

रात्रभर विचार केला, निर्णय असा. चित्र तेच ठेवायचं आणि आईने ते बघता बघता बोलायचं. पहिल्यांदा कॅसेट मूळ आवाजासह जाईल. तीच पुन्हा येईल तेव्हा मूळ आवाज काढलेला असेल आणि आई बोलत असेल. दोन्ही वेळा कट एकसुद्धा नाही. प्रेक्षक दुसऱ्यांदा कंटाळतील असं मैत्रिणीचं म्हणणं. मला वाटतं दुसऱ्यांदा ते दाराकडे बघत बसतील, आई कधी येतेय म्हणून.

१६ मार्च

आईबरोबर पहिलं बघण्याचं सत्र. रेकॉर्डर टेबलावर, ती सोफ्यावर, रिमोट तिच्याच हातात. हा रिमोट महत्त्वाचा निघाला. ती हवं तिथे थांबवते, मागे नेते. आयुष्यात पहिल्यांदा ह्या चित्रणावर तिचा ताबा आहे आणि ती तो भरपूर वापरते.

पहाटेच्या कॅसेटवर तिने सांगितलेलं थोडक्यात : तिसरी रात्र होती जागरणाची. कॅमेरा आला तो घराच्या हप्त्याच्या पैशांतून. दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं होतं आणि आम्हाला शाळेत. त्या रात्री बाबांनी गॅस दोनदा चालू ठेवला होता. "तुम्हाला त्यांच्या मागे फिरताना बघून मी आधी गॅस बघायला गेले. मग आले तुमच्याकडे. ते ह्यात नाही."

आणखी एक गोष्ट निघाली. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहायची, लहान, पेन्सिलने. आम्हाला वाटायचं हिशेब असेल. ते बाबांच्या झोपेचे तास. सात, सात, साडेसहा, पाच, चार. चार आला की ती डॉक्टरांना फोन करायची. झोप कमी होऊनही थकवा न येणं ही उन्मादाच्या सगळ्यात आधी दिसणाऱ्या खुणांपैकी एक असते. आज ह्यासाठी मोबाइलवर अॅप आहेत आणि डॉक्टर रुग्णाला मूड चार्ट ठेवायला सांगतात. आईला कोणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांची कॅलेंडरं तिने गादीखाली ठेवली आहेत.

हे आहे मंदीचं चित्रण. मंदीत आकडे अकरा, बारा, चौदा होतात. ज्या महिन्यांत एकही कॅसेट नाही त्या महिन्यांचं पान आहे.

३० मार्च

कॅलेंडरांचं चित्रीकरण. ट्रायपॉड उलटा लावून वरून, मॅक्रो लेन्स, खिडकीचा आडवा उजेड म्हणजे पेन्सिलचा ओरखडा उठून दिसतो. पान उलटताना आईचा हात येतो. चेहरा नाही, पण हात चालेल म्हणाली.

१३ एप्रिल

दुसऱ्यांच्या फिल्म पुन्हा पाहायला बसलो. जोनाथन कावेटची २००३ ची 'टार्नेशन' : आईचा मानसिक आजार, किशोरवयात तिला दिलेले शॉक, मुलाने लहानपणापासून केलेलं चित्रण, आणि सगळं घरच्या संगणकावर आयमूव्हीत जोडलेलं. तिथे मुलाच्या हातात कॅमेरा आहे आणि आई समोर. आमच्याकडे नेमकं उलटं, म्हणून त्या फिल्ममधून फार काही उचलता येत नाही. सारा पॉलीच्या २०१२ च्या 'स्टोरीज वी टेल'मध्ये घरगुती वाटणारं पुष्कळसं सुपर-एट चित्रण नट घेऊन नव्याने केलेलं आहे, आणि ते प्रेक्षकाला उशिरा उमगतं. तिथे ते शोभतं, कारण फिल्मचा विषयच आठवणींवर विश्वास ठेवावा की नाही हा आहे.

मैत्रिणीने मोह घातला. परवा घेतलेल्या रिकाम्या खोलीच्या शॉटवर तिने हाय-एटचा फिल्टर चढवला : रंग पसरले, खाली ट्रॅकिंगची पट्टी, कोपऱ्यात तारीखसुद्धा. खऱ्या कॅसेटपासून वेगळा ओळखू येईना. म्हणूनच नको. ज्या महिन्यांत कोणी कॅमेरा उचलला नाही त्या महिन्यांना खोटी कॅसेट दिली तर तक्त्यातल्या रिकाम्या जागांना अर्थच राहणार नाही.

पार्श्वसंगीताचंही ठरलं. नैराश्य म्हटलं की खालच्या पट्टीतलं चेलो, खिडकीवर पाऊस. दोन्ही वर्ज्य.

४ मे

संमतीपत्र. नेहमीचा एका पानाचा रिलीज फॉर्म इथे चालत नाही. तेजीत बाबांना विचारलं तर "दाखव की सगळ्या जगाला" म्हणतील, मंदीत विचारलं तर "सगळं जाळून टाक". दोन्ही त्यांचंच बोलणं, पण दोन्हींवर फिल्म उभी करता येत नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही तिघांनी मिळून कागद केला. होकार सरळ दिवसांतच घ्यायचा आणि काही आठवड्यांनी परत विचारायचा. मंदीतल्या नकाराने चित्रीकरण त्या क्षणी थांबेल, अंतिम निर्णय मात्र बाबा सावरल्यावर. रफ कट (कच्चं संकलन) आणि अंतिम कट दोन्ही आधी बाबांना आणि आईला दाखवायचे. आईला वेगळा, तिचा स्वतःचा नकाराधिकार.

शेवटचं कलम बाबांनी स्वतःच्या अक्षरात घातलं : "मी पुन्हा तेजीत गेलो तर कॅमेरा मला देऊ नये आणि माझ्यावर रोखूही नये. मी कितीही सांगितलं तरी." वैद्यकीय नीतिशास्त्रात अशा आगाऊ बंधनाला युलिसिस करार म्हणतात. जलपऱ्यांचं गाणं ऐकायला मिळावं, पण त्यात वाहून जाऊ नये म्हणून होमरचा नायक स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, तो. बाबांना हे सांगितलं तेव्हा खूश झाले. "गाणं ऐकलंच की त्याने," म्हणाले.

ताई फिल्ममध्ये नको म्हणते. आत्ताची नकोच; लहानपणीची असेल तर रडतानाची नको. तिने तेव्हाही कोणाला होकार दिलेला नव्हता. ज्या शॉटमध्ये ती रडतेय ते प्रोजेक्टमधूनच काढले, 'कदाचित'च्या फोल्डरमध्येही ठेवले नाहीत.

२५ मे

ईसीटीचा, म्हणजे विजेच्या झटक्यांच्या उपचाराचा भाग. २००१ मध्ये बाबांना खूप खोल नैराश्य आलं होतं, खाणंपिणं सुटलं, तेव्हा ईसीटी दिली. सिनेमाने शॉकचं जे चित्र डोक्यात भरून ठेवलंय (दातात रबर, चौघे दाबून धरतायत, वर दिवे उघडझाप) ते इथे मोडायचंय, पण व्याख्यान न देता. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेट्टी आणि बिनी यांनी पहिल्यांदा हा उपचार केला तेव्हा भूल देत नव्हते. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात, आणि तीव्र नैराश्यात तो सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे. बाबा काही आठवड्यांत उठून बसले, हे आईचं साधं वाक्य. तेवढं पुरे आहे.

ह्या उपचाराची किंमतही खरी आहे. त्या सुमाराच्या आठवणी पुसल्या जातात आणि कधी कधी कायमच्या. बाबांना त्या वर्षातले बरेच महिने आठवत नाहीत. कॅमेरा चालू असताना त्यांनीच मला विचारलं, "तेव्हाची एखादी कॅसेट सापडली का गं?"

नाही सापडली. तेव्हा तुम्ही कॅमेरा हातात घेत नव्हता. आईचं कॅलेंडर आहे म्हटलं. ते मागितलं त्यांनी, चष्मा लावून पानं पाहिली, आकड्यांवरून बोट फिरवलं. "चौदा तास," म्हणाले. "काय करत होतो मी एवढं झोपून?" आई आतल्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "झोपत नव्हता. पडून होता. झोपेचा वेगळा आकडा आहे, खाली लिहिलाय बघा, तीन."

हा संवाद ठरवून घडवता आला नसता. कॅमेरा बाबांवर आणि आईचा आवाज चौकटीबाहेरून. तिला विचारलं, हे वापरू? म्हणाली, वापर.

१५ जून

२००१ मध्ये ईसीटीच्या आधी जे घडलं त्याचं काय करायचं, ह्यावर दिवसभर चर्चा. असेंब्लीत, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत, एक शॉट होता, ते घडलं त्या जागेचा. सुंदर शॉट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट-नाटकवाल्यांसाठी आत्महत्येच्या चित्रणाबद्दल वेगळी पुस्तिका काढली आहे. पद्धत दाखवू नका, जागा ठळक करू नका, एकच कारण देऊन मोकळं होऊ नका, सावरलेली माणसं आणि मदत मागणं दाखवा, असा तिचा सूर. पुस्तिका नसती तरी तो शॉट गेलाच असता. जाण्याचं कारण तेवढं लवकर सापडलं. फिल्ममध्ये आईचं एक वाक्य राहील की त्या दिवशी ती लवकर घरी आली, आणि मग थेट दवाखान्याचा कागद.

७ जुलै

रफ कट दोन तासांच्या वर. संकलन रात्री चालतं, कारण दिवसा मैत्रिणीला पोटापाण्याचं काम असतं. ताईचा रोज एकच संदेश : "काल किती वाजता झोपलीस?" पालकांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के सांगतात. एरवी ती १ ते २ टक्के. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण ताई वाचते तो पहिला आकडा. मी उत्तर देते, खोटं नाही देत. सहा. साडेपाच. परवा पाच लिहिलं तर तिचा फोन आला.

रात्रीचं संकलन बंद केलं. मुदत पुढे ढकलावी लागेल.

११ ऑगस्ट

बाबांची झोप चारवर आली. आईने कॅलेंडरवर लिहिलं आणि फोन केला. कॅलेंडर अजून चालू आहे हे मला तेव्हाच कळलं.

पहाटे त्यांनी आमच्या कॅमेरामनला फोन करून तीन नवे प्रसंग सांगितले, त्यातला एक छतावरून. मी पोहोचले तेव्हा ते कपाटातून जुना हॅन्डीकॅम काढून बसले होते. तो चालत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. मला म्हणाले, आत्ता घे माझी मुलाखत, आत्ता मी खरं बोलतोय, फेब्रुवारीत गोळी बोलत होती. मी कागद काढून दाखवला. त्यांनी वाचला, अक्षर आपलंच आहे हे पाहिलं, आणि भयंकर चिडले. "माझी फिल्म आहे ही! माझं चित्रण वापरतेस आणि मलाच बांधतेस?"

कॅमेऱ्याची बॅग गाडीतच ठेवली होती. वर आणली नाही.

१९ ऑगस्ट

डॉक्टरांनी औषध वाढवलं, झोप सहावर. दाखल करावं लागलं नाही. वेळेत कळलं की असं होतं.

ह्या आठवड्यात काहीच चित्रित झालं नाही हे ऐकून, प्रकल्पाला पैसे देऊ पाहणाऱ्या एका माणसाने हळहळून विचारलं, "पण तेच तर तुमच्या फिल्मचं शिखर झालं असतं ना?" असतं. १९९४ च्या कॅसेट आहेत की तशा. आणखी एक तशीच, ह्या वेळी फोर-केमध्ये, काढून बाबांच्या बाजूने की माझ्या बाजूने काय नवं कळणार होतं? त्यांच्याकडून पैसे येतील असं आता वाटत नाही.

त्या आठवड्यातून फिल्ममध्ये येईल ते ऑगस्टचं पान. सहा, साडेपाच, चार, चार, तीन, साडेचार, सहा. ते आईच्या परवानगीने कालच घेतलं.

२२ सप्टेंबर

बाबा सरळ आहेत, कागदाप्रमाणे परत विचारलं. होकार दिला. ११ ऑगस्टबद्दल म्हणाले, "कॅमेरा वर आणला नाहीस ते बरं केलंस." मग थोड्या वेळाने, "पण छतावरचा शॉट चांगला होता." तो होता चांगला. मी कॅमेरामनला घेऊन जाऊन तो उद्या घेणार आहे, बाबांशिवाय.

२० ऑक्टोबर

बाबांना आणि आईला कट वेगवेगळ्या दिवशी दाखवायचा ठरलं होतं, आईने एकत्रच लाव म्हटलं. दिवसा, दिवे चालू ठेवून, हवं तिथे थांबवायची मुभा देऊन.

बाबा पूर्ण वेळ कॅमेरामनच्या नजरेने बघत होते. पहाटेच्या कॅसेटवर म्हणाले, "झूम किती मारलाय. काप ते. लाज वाटते." आजाराची नव्हे, झूमची. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "काही कापायचं नाही. एवढं सगळं मी बघितलंय, लोकांनीही बघू दे." मग तोच भाग दुसऱ्यांदा आला, तिच्या आवाजातला, आणि बाबा गप्प. गॅसचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी रिमोट मागितला, मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं. "दोनदा?" आईला विचारलं. "दोनदा," ती म्हणाली. त्यांना हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आईने एक वाक्य काढायला सांगितलं, जिथे ती म्हणते की तिने एकदा निघून जायची बॅग भरली होती. ते वाक्य माझ्या मते तिच्या सगळ्या बोलण्याचा कणा होतं. काढलं. तिथे आता कॅलेंडरचं पान थोडं जास्त वेळ राहतं आणि त्या जागी थोडं अंधुक वाटतं, का ते बघणाऱ्याला कळणार नाही. श्रेयनामावलीत 'छायाचित्रण'मध्ये बाबांचं नाव पहिलं, आमच्या कॅमेरामनचं दुसरं. 'नोंदी' म्हणून आईचं नाव घालू का विचारलं तर म्हणाली, "पाहिजे तर घाल, पण अक्षर मोठं नको."

९ नोव्हेंबर

मिक्सच्या आधीची यादी. कॅसेटचं चित्र मूळ ४:३ मध्येच, दोन्ही बाजूंना काळं. ताणून रुंद करायचं नाही. डिइंटरलेस करताना (टेपवरच्या अर्ध्या-अर्ध्या चौकटींच्या पूर्ण चौकटी करताना) सेकंदाला ५० चौकटी ठेवल्या, २५ वर आणल्या की बाबांचे वेगाने फिरवलेले शॉट तुटक दिसतात. टेपवरची कॅमेऱ्याच्या मोटरची गुणगुण काढायची नाही, नुसती दाबायची. फेब्रुवारीच्या मुलाखतीतली पंख्याची घरघर थोडी कमी झाली, पूर्ण गेली नाही, चालेल. आईचा आवाज मोनो, मधोमध, कुठल्याही प्रतिध्वनीविना. सोफ्यावर बसून जितक्या जवळून आला तितकाच जवळ. सबटायटलमध्ये तेजी-मंदी जसंच्या तसं ठेवणं जमत नाहीये, त्यावर अजून एक बैठक लागेल. मूळ कॅसेट कोरड्या डब्यात उभ्या ठेवल्या, फायलींच्या तीन प्रती, त्यातली एक ताईकडे.

ताईला कट अजून दाखवलेला नाही. तिने आपणहून तारीख मागितली, मी दोन दिल्या. दोन्ही दिवशी तिला काम निघालं. तिसरी कळवलीय.